टोळी तीच, मुकादम दुसरा

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव ज्वारीच्या रानात जेवतं. आई मात्र भज्जी, आंबील, उंडे करून आमच्याबरोबर द्यायची आणि स्वतः घरी राहायची. ज्वारी फुलोऱ्यात आली की तिला आधी शिंका, मग धाप. शेवटी बीडच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. ज्या परागांचा त्रास, तेच थोडे थोडे टोचायचे आणि मात्रा वाढवत न्यायची.

उन्हाळ्यात काका ऊसतोडीची टोळी घेऊन परतले. ते मुकादम. आईच्या रक्ताचा नवा रिपोर्ट त्यांनीच आणला. त्यात अ‍ॅलर्जी दाखवणारं आयजीई वाढलं होतं. आमच्या घरात रिपोर्ट म्हणजे शुगरचा. आकडा वाढला की औषध चुकलं. त्रास देणारंच अंगात घालायचं, हे काकांना आधीपासून पटलं नव्हतं. इंजेक्शनं बंद करायची, असं ठरतच आलं. आई माझ्याकडे बघत राहिली.

मी मायक्रोबायोलॉजी शिकते, आणि नेमकं हेच नुकतं वाचलं होतं. पण वाचलेलं सगळं इंग्रजीत, आणि मोठ्यांच्या बोलण्यात मी कधी पडत नाही.

"आकडा आधी वाढतोच," मी म्हणाले.

मग मला थांबताच येईना. आयजीई ही अँटीबॉडी आपलंच शरीर बनवतं, परागाला शत्रू समजून. बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि त्यांना हुकूम देणाऱ्या टी पेशी वेगळ्या. इंजेक्शनं घेत राहिलं की शांत डोक्याच्या टी पेशी वाढतात आणि चिडक्यांना गप्प बसवतात. मग बनवणाऱ्या पेशी दुसऱ्या जातीची अँटीबॉडी काढू लागतात, ती परागाला वाटेतच धरते. जुनं आयजीई सुरुवातीला वाढतं, सावकाश उतरतं.

काकांनी पानाचा तोबरा एका गालात सरकवला.

"म्हंजे टोळी तीच, मुकादम दुसरा?"

मला टाळी वाजवावीशी वाटली. पुस्तकभर शोधूनही मला असं सोपं वाक्य सापडलं नव्हतं. तंतोतंत तसंच नसतं, असं मी सांगितलं, पण काकांना तेवढं पुरलं. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. तेही आकड्याला घाबरू नका, म्हणाले.

"वहिनी, मंगळवारी बीडला जायचं," काका म्हणाले. "ही पोरगी जन्मात एवढं बोलली न्हाई. काहीतरी खरं असंल."

यंदा येळवशीला आई रानात आली. पूजेसाठी रचलेल्या कडब्याच्या कोपीपुढे बसून तिनं सगळ्यांना आंबील वाढली. वाऱ्यावर परागांची पिवळी धूळ उडत होती, आणि मी जेवायचं सोडून तिच्या नाकाकडे बघत होते. तेवढ्यात कारखान्यावरून काकांचा फोन आला.

"शिंकली का?"

"एकदाच," मी म्हणाले. "तेही भज्जीच्या ठसक्यानं."