साठ मिलिमीटरचा ठोकळा

दवाखान्यात मिळालेला कागद मी घरी येऊन मोठ्यानं वाचला. बाळाला पाठीवर झोपवा. गादी घट्ट आणि सपाट असावी. पलंगात उशी, गोधडी, खेळणी, काहीही ठेवू नका. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक कागद मी वाचायचा आणि आईनं तो खरा मानायचा, ही लहानपणापासूनची रीत. बायकोच्या बाळंतपणासाठी आई परभणीकडून आमच्या कुरुळीतल्या खोलीवर आली होती. 'गोधडी' हा शब्द वाचून झाल्यावर मला कळलं, आपण काय वाचलं ते.

आमची पहिली मुलगी तीन महिन्यांची असताना दुपारी झोपेत गेली. अंगावर आईनं शिवलेली गोधडी होती, डोक्याखाली तिनंच भरलेली मोहरीची उशी. कशामुळे गेली ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर आम्ही तिघांनी तो विषय कधी काढला नाही.

या खेपेलाही आईनं नवी गोधडी आणली होती. तिनं ती घडी करून पिशवीत परत ठेवली आणि भांडी घासायला गेली.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. कठड्याचा छोटा पलंग एका सहकाऱ्यानं दिला होता, त्याची मुलगी मोठी झाली म्हणून. "भावा, पेढे तेवढे विसरू नको," एवढंच म्हणाला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पलंग जोडताना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, वाईटही वाटलं नाही. मी एकेक स्क्रू आवळत गेलो.

कंपनीत मी तयार माल तपासतो. तिथं फटी मोजायला ठरावीक मापाचे ठोकळे असतात, तसाच साठ मिलिमीटर रुंदीचा एक लाकडी ठोकळा मी करून घेतला होता. तो कठड्याच्या पट्ट्यांमध्ये लावून बघत होतो.

"हे काय करायलास?" आईनं विचारलं.

"फटी बघतोय. बाळ अडकू नये म्हणून. ठोकळा आत जाता कामा नये."

"आन् गेला तर?"

"तर पलंग बाद."

आईनं ठोकळा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

बारशानंतर घरमालकीण बघायला आल्या. "अवं, असं मोकळ्या गादीवर टाकत्यात व्हय पोरीला? जेल केलाय की!" असं म्हणून त्यांनी कापडी हत्ती बाळाच्या उशाशी ठेवला. आईनं तो लगेच उचलून फळीवर ठेवला. "ऱ्हाऊ द्या मावशी. कागदात तसं लिवलंय."

महिन्याभरानं एकदा पहिली शिफ्ट करून आलो. बाळ बायकोच्या मांडीवर होतं. आई पलंगाशी उकिडवी बसून पट्टीमागून पट्टी ठोकळा लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "इथं जायलाय."

मी लावून बघितला. ठोकळा आत गेला. खालचा स्क्रू ढिला झाला होता. आवळला. आईनं पुन्हा लावला. आत जाईना. तिनं अजून एकदा लावला.

"तवा मीच पांघरलं होतं तिला," ती म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले ना, सांगता येत नाही म्हणून."

"कागदात तर लिवलंय."

बायकोनं मान वर केली नाही. मी म्हणालो, "तेव्हा मी कुठं वाचला होता हा कागद? शिकलेला मी होतो, आई. वाचायचं काम माझं होतं."

आईनं पदर तोंडाला लावला, मग खाली सोडला. ठोकळा माझ्या हातात दिला.

"पलीकडची बाजू ऱ्हायलीय," ती म्हणाली.

मी पलीकडे जाऊन बसलो आणि पहिल्या फटीपासून सुरुवात केली.