मोठ्या दाखल्याची चावी

माणसाला जातीचा दाखला लागतो, रहिवासाचा लागतो, पेन्शन घ्यायची तर जिवंत असल्याचासुद्धा लागतो. यंत्रालाही दाखला लागतो, हे उंब्रजमध्ये पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर प्रशांत बनसोडेनं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, चहा संपवला आणि उठून गेले.

प्रशांत सैन्यात सिग्नलला होता. हवालदार होऊन घरी आला आणि इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर लागला. कारखान्याची गावोगाव एकतीस गट ऑफिसं. उसाच्या नोंदी तिथून मुख्य ऑफिसात यायच्या. आता पलीकडून खरंच गट ऑफिसचं यंत्र बोलतंय, की त्याचं नाव सांगून दुसरंच कुणी, हे ओळखायचं कसं? म्हणून प्रत्येक यंत्राला एकेक दाखला. त्या सगळ्या दाखल्यांवर सही एका मोठ्या दाखल्याची, आणि त्या मोठ्या दाखल्याची चावी प्रशांतकडं. चावी म्हणजे कमरेला लावायची नव्हे. एक फाईल, परवलीच्या वाक्यानं कुलूपबंद केलेली.

दरवर्षी गाळपाच्या आधी तो काळ्या पडद्यासमोर बसायचा. चित्र नाही, माऊस नाही, नुसती पांढरी अक्षरं. हुकूम टाईप करायचा, वाक्य टाकायचं, दाखला तयार. असं एकतीस वेळा, आणि तेही जेवणाच्या सुट्टीच्या आत. शिपाई कोंडीबा दारातनं म्हणायचा, "सायेब, कॉम्प्युटर चालीवताय का बाजाची पेटी वाजीवताय?"

"तू भजन म्हण, मी वाजीवतो," प्रशांत म्हणायचा. बोटं थांबायची नाहीत.

ते वाक्य त्यानं कुठंही लिहिलं नव्हतं. "लिवलं की गुपित संपलं," असं त्याचं म्हणणं. बायकोला सांगितलं नाही, साहेबाला तर नाहीच. त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

श्रावणात त्याला झटका आला. मिरजेला सतरा दिवस काढले. जीव वाचला, तोंड एका बाजूला थोडं ओढलं गेलं, उजवा हात मात्र गेला. घरी आल्यावर एका दुपारी पलंगावर बसल्याबसल्या त्यानं ते वाक्य मनात म्हणून बघितलं. वाक्य नव्हतं. दहा वर्षं ते डोक्यात नव्हतंच, बोटांत होतं. पहिल्या पोस्टिंगच्या गावाचं नाव त्यात होतं एवढं आठवत होतं, आणि रायफलच्या दस्त्यावरचा बट नंबर. आधी काय, मधे काय, कुठलं अक्षर मोठं, सगळं कोरं.

आणि मोठ्या दाखल्याची दहा वर्षांची मुदत अठरा नोव्हेंबरला संपत होती. तो गेला की त्याच्या सहीचे एकतीसही गेले.

कारखान्याचे नवे मॅनेजर घरी आले, डझनभर केळी घेऊन. म्हणाले, "बनसोडे, ती चावी उघडून मुदत तेवढी वाढवून द्या. बसून करायचं काम आहे. रिटायर होईपर्यंत तुमची खुर्ची कुणी हलवणार नाही. पण नाहीच उघडली, तर बोर्डापुढं मी काय सांगू?"

रिटायर व्हायला पाच वर्षं होती. ते गेल्यावर आम्रपाली, प्रशांतची बायको, केळी मोजल्यासारखी बघत म्हणाली, "माणूस गोड बोललं. लय गोड बोललं." त्यालाही तेच वाटलं होतं.

दसरा झाल्यावर तो कामावर जायला लागला. आम्रपाली सकाळी त्याला एसटीत बसवायची, कंडक्टरला सांगायची, उतरताना हात द्यायला. ऑफिसात त्याच्या टेबलाशेजारी आता प्रांजल बसायची, सांगलीची नवी इंजिनियर मुलगी. तिनं त्याला चावीची नक्कल वेगळ्या यंत्रावर घालून दिली. "सर, कितीही वेळा चुकलं तरी चालतंय. हे लॉक होत नाही."

तेच वाईट होतं. लॉक झालं असतं तर तो सुटला असता. ते यंत्र रागावत नव्हतं, कंटाळत नव्हतं. डाव्या हाताच्या एका बोटानं अक्षर शोधायचं, दाबायचं, पुढचं शोधायचं. परवलीचं वाक्य टाईप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. मधेच बोट चुकलं का, तेही कळायचं नाही. चाळीसेक अक्षरं झाली की तो बटण दाबायचा, आणि एक ओळ यायची, की जमलं नाही. मग परत.

घरी आम्रपाली विचारायची, "माझं नाव घालून बघितलं का?"

"तुझं नाव कशाला आसंल त्यात?"

"तेच म्हंते मी. वीस वर्षांत कवा हाक मारली न्हाई नावानं, यंत्रात कुठनं आसणार!" ती हसायची आणि त्याच्या पाठीला उशी लावायची. दुसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप तिचं नाव घालून बघितलं. जमलं नाही.

उजवा हात उचलून तो कीबोर्डवर ठेवायचा, बोटं जागच्या जागी लावून द्यायचा, आणि वाट बघायचा. कोंडीबा एकदा चहा घेऊन आला आणि ते बघून पेला ठेवून तसाच मागं फिरला. त्यानंतर त्यानं पेटीचं नाव काढलं नाही.

अठरा नोव्हेंबर उजाडला. प्रशांत लवकरच्या गाडीनं गेला. गाळप सुरू झालेलं, रस्त्यानं ट्रॅक्टर लागलेले. आता एकेका गटाचा फोन येणार, यंत्र बोलत नाही म्हणून ओरड होणार, आणि सगळे आपल्याकडं बघणार. जवळ ठेवलेला फोन वाजला की तो दचकायचा. दहा वाजले, अकरा वाजले. फोन आले ते डिझेलचे आणि ऊसतोड टोळीच्या मुकादमाचे. नोंदी रोजच्यासारख्या येत होत्या.

त्यानं डाव्या बोटानं एक छोटा हुकूम टाईप केला. समोरचं यंत्र कुणाचा दाखला दाखवतंय आणि त्याची मुदत कधीची, एवढंच तो सांगतो. उत्तर आलं. सही करणाऱ्याच्या जागी कारखान्याचं नाव होतं, पण त्यापुढं त्यानं घातलेलं जुनं साल नव्हतं. यंदाचं होतं.

"प्रांजल," तो म्हणाला, "ह्ये कवा केलंस?"

ती उठून जवळ आली. पडदा बघितला. "सर, मी आल्यावर तिसऱ्या दिवशीच. जुनी चावी नसली तरी नवा मोठा दाखला करता येतो... तुम्हाला माहीतच आहे. मग गटोगटी जाऊन बसवला."

त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण नव्यासाठी एकतीस गटांत हिंडावं लागतं, आणि ते आता त्याच्यानं होणार नव्हतं. दुसरं कुणी ते करू नये, एवढंच त्याला हवं होतं.

"मला सांगायचंस की, बाई."

"तुम्ही रोज डबा घेऊन यायचात, सर." ती खाली बघत म्हणाली. "साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत येऊ दे त्यांना."

महिनाअखेर बारा दिवसांवर होती.

त्यानं विचारलं, "तुझं वाक्य कुठं ठिवलंस?"

"लिहून पाकिटात घालून सील केलंय. साहेबांच्या तिजोरीत."

"बेस केलंस."

मग तो जुन्या चावीच्या फाईलकडं वळला. अक्षरावर अक्षर खरडून मग पुसून टाकणारा हुकूम टाईप करायला लागला. प्रांजल म्हणाली, "असू दे की सर, कुठं जागा अडवतीय?"

"जुनी चावी मागं ठिवू न्हाई. सैन्यात न्हाई ठिवत." बोट एकेक अक्षर शोधत होतं. मुख्य यंत्रावरची गेली, नक्कलही गेली. खरंच पुसू का, असं यंत्रानं दोन्ही वेळा विचारलं नाही.

डबा बांधलेला तसाच होता. उंब्रजच्या गाडीला अजून चार तास होते. तो पडद्यासमोर बसून राहिला.