स्कोपेलोसची दोन तिकिटं

दर मे महिन्यात स्तामातियाकाकू माझ्या तिकीटखिडकीशी यायची, हातात चौकडीचा कागद. आमच्या कार्दित्साहून व्होलोस बंदरापर्यंत बस, तिथून स्कोपेलोस बेटाची बोट, सात दिवस खोली. चीज आणि ऑलिव्ह घरूनच. दोघांचे चारशे ऐंशी युरो. तिने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

नवरा अर्गिरीस म्हणजे चमडी जाईल पण दमडी सुटायची नाही असा. "खर्च झेपायचा नाही, पुढच्या वर्षी बघू. समुद्र काय पळून जातोय?" एकवीस वर्षं हेच! शेवटच्या वर्षी तिने तिकिटं काढलीसुद्धा. हा गुपचूप आला, तिकिटं परत करून पैसे खिशात घालून गेला. दिले मीच, मूर्खासारखे. काकूने त्याला भर चौकात शाप दिला, "माती तुला खाणार नाही!" मढं कुजलं नाही तर जीव सुटत नाही म्हणतात, म्हणून असं आमच्याकडे शत्रूलाही कोणी म्हणत नाही. त्याच हिवाळ्यात तो गेला.

तीन वर्षांनी आमच्या रीतीप्रमाणे हाडं काढून घ्यायला कबर उघडली. ती धुवायला वाइनची बाटली घेऊन मी उभी. फावडं थांबलं. अर्गिरीस होता तस्सा होता. कोट, मिशी, काळे बूट. तोंड जरासं उघडं, काही सांगायचं राहिल्यासारखं. मी बाटली टाकून पळाले, खोटं कशाला बोलू?

पाद्रीबाबा म्हणाले, "शाप दिला त्यानेच सोडवायचं. मनापासून." काकू म्हणाली, "माफ केलं." पुन्हा माती लोटली.

परतताना तिने माझा दंड घट्ट धरला. "पोलिक्सेनी, नुसतं तोंडाने म्हटलं गं. आत अजून जळतंय. माझं हे असं काळजाचं दुखणं. उद्या मी गेले तर त्याला कोण सोडवणार? तो तसाच पडून राहील."

जूनमध्ये ती कागद घेऊन आली. "दोन तिकिटं दे."

"दुसरं कुणाचं, काकू?"

"त्याचंच. नाव घाल."

घातलं.

आठ दिवसांनी परतली ती उन्हाने नाक सोलवटून. "कमरेपर्यंत पाण्यात गेले आणि भोकाड पसरलं बघ. म्हटलं, मेल्या, हे तू बघायला हवं होतंस रे! आणि राग कुठे गेला, कळलंच नाही." मग म्हणाली, "फक्त शेजारची गादी रोज सकाळी ओली असायची. छप्पर गळत असेल."

जूनमध्ये कसलं छप्पर गळतंय!

वर्षाने पुन्हा कबर उघडली. या वेळी नुसती हाडं, मेणासारखी पिवळी, स्वच्छ. बायकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. मी रडले. कबर खणणाऱ्याने एक बूट उचलून उलटा केला, आणि पांढरे गुळगुळीत गोटे खाली पडले. ओले. आमच्या गावची माती काळी, चिकण.

काकूने वाकून एक गोटा उचलला, जिभेला लावला. खारट लागला असावा, कारण ती हसली.

"एकवीस वर्षं म्हणत होता, खर्च झेपायचा नाही," ती म्हणाली, आणि हसता हसताच तिला हुंदका फुटला. "शेवटी आलाच की गं. तेही माझ्या पैशाने!"