सरांचं माप

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, मग सांगतो. यंदा मी स्वतःच्या मरणाचा दिवस काढला होता. तोही दशांश अपूर्णांकात!

सोनईजवळच्या एका खेड्यात मी सहावी-सातवीला गणित शिकवतो. प्रार्थनेला माझा एकच दंडक. डोळे गच्च मिटायचे. पोरांनीही आणि मीही.

जानेवारीतला सोमवार होता. प्रार्थना संपवून वळलो, तर माझ्या मागे फरशीवर खडूची फुली. शेजारी आकडा, २.१. माझ्या सावलीचं डोकं बरोबर त्या फुलीवर! मघाशी तिथं काहीच नव्हतं हो. पावलाचा आवाजसुद्धा नाही. समोर पोरं हात जोडून चिडीचूप.

पुढच्या सोमवारी फुली चार बोटं जवळ आली. २.०. मग १.९. मग १.८. माझ्या पाठीमागून कोण येत होतं सावकाश?

पोरांना विचारावं, तर गणिताचा मास्तर भुताला भितो म्हणून गावभर बोभाटा! शेवटी खिचडी शिजवणाऱ्या सखूमावशींना फुली दाखवली. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"सर, ह्ये लई वंगाळ हाय. कुनीतरी तुमचं माप घेतंय."

"माप? कशासाठी?"

"आता त्ये मी कशाला बोलू!"

आकडा १.६ वर आला तेव्हा हिशेब मांडला. आठवड्याला ०.१ कमी, म्हणजे उरले सोळा सोमवार. जून! उन्हाळी सुट्टी भोगून शाळा उघडायच्या सुमारास मी खलास. गणित माझं पक्कं आहे, त्याचंच जास्त भ्या वाटलं. बदलीचा अर्ज लिहून खिशात ठेवला.

पुढच्या सोमवारी मात्र प्रार्थनेत एक डोळा किलकिला केला आणि हळूच मान वळवली. माझ्या सावलीच्या डोक्याशी कुणीतरी गुडघ्यावर बसलं होतं. मी असा किंचाळलो की प्रार्थना जागीच थांबली.

ती सहावीतली निलोफर होती. अनवाणी. एका हातात खडू, दुसऱ्या हातात शिंप्याची टेप.

"हे काय चाललंय?"

"तुमीच सांगितलं हुतं की सर! बदलत जानारी वस्तू मोजा, दशांशात लिव्हा. म्या तुमची सावली घेतली. परार्थनेत तुमी लई हालत न्हाई."

"आणि डोळे मिटायचे कोणी?"

"मिटून मोजलं तर चुकल की, सर."

"अगं, मग मला सांगायचं तरी!"

"दर सोमवारी वही दावते की तुमाला!"

तिनं वही आणली. 'सरांची सावली, मीटरमध्ये.' २.१ पासून १.६ पर्यंत सगळे आकडे ओळीनं, प्रत्येकाखाली लाल शाईत माझी सही. धड न वाचता ठोकलेली, दुसरं काय! आणि १.६ च्या खाली, माझ्याच वळणदार अक्षरात शेरा होता: 'प्रगती छान. शून्यापर्यंत असेच चालू ठेव.'