उमरग्याची सुटलेली एसटी

आईची बदली ढोकीच्या दवाखान्यात झाली तेव्हा मी चौथीत होते. वडील पुण्यात नोकरीला. वर्गातल्या मुलींच्या जोड्या पहिलीपासून जमलेल्या, त्यात मला कुणी घेईना. शाळा सुटली की कुलूप उघडायचं, झाकून ठेवलेलं जेवायचं आणि उंबऱ्यावर बसून आईची वाट बघायची.

शेजारच्या घरात नवी सून आली होती. एका दुपारी ती पदर खोचून आली नि म्हणाली, "सागरगोटे येतात का तुला?"

तेव्हापासून सासूचा डोळा लागला की ती यायची. हरली की सागरगोटे अंगणात भिरकावायची, कट्टी घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. मी वहिनी म्हटलं तर चिडायची. "मी काय म्हातारी हाय का?" मग काय म्हणायचं, ते तिनं कधी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात एका शनिवारी शाळा सुटली तर ती फाटकाशी उभी. नवी साडी, हातात पिशवी.

"चल, माझ्या माहेरी जाऊ, उमरग्याला. आंबे लई आलेत."

"आईला सांगितलंय?"

"व्हय की."

मी निघाले. मला कुणीतरी कुठंतरी बोलावत होतं, एवढंच डोक्यात होतं. एसटीत खिडकी तिनंच घेतली. धाराशिवला उतरलो. उमरग्याची गाडी लागली, माणसं चढली, पण ती बाकावरून हलेना. गाडी निघून गेली आणि ती मोठ्यानं रडायला लागली. बाजूच्या बायका मलाच विचारायला लागल्या, "काय झालं गं तुझ्या आईला?" ती माझी आई नाही, असं मी म्हणाले. मग कोण, ते मला सांगता येईना.

"बाप घरात घेणार न्हाय," ती म्हणाली. "मागच्या बारीला बी त्यानंच परत सासरी आणून सोडलं."

"मग कशाला निघालो?"

"तू संगं असलीस तर काय बोलणार न्हाय, वाटलं. तुझ्या आईला बी न्हाय सांगितलं."

मला तिचा राग यायला हवा होता. मी तिच्या पिशवीतून मोबाइल काढला, तो तिनं बंद ठेवला होता. चालू करून आईला फोन लावला. आई येईपर्यंत तिचं रडणं थांबलं होतं आणि ती मला रसवंतीकडं ओढत होती.

आई आली. आधी मला एक थोबाडीत दिली. आता हिची पाळी, असं मला वाटलं. पण आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला नि विचारलं, "जेवलीस का?"

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी अवघडून तशीच बसले. घरी आल्यावर मला आत पाठवून आई तिला घेऊन शेजारी गेली. सासूशी काय बोलली, कळलं नाही. त्यानंतर ती दुपारची आली नाही. संध्याकाळी यायची, आईकडं. दोघी चुलीशी हळू बोलत बसायच्या आणि मी दिसले की गप्प व्हायच्या. वर्षभरात तिचा नवरा तिला घेऊन पुण्याला गेला.

अजून दिवाळीला तिचा फोन येतो, आईला. माझी चौकशीही करते म्हणे. आई फोन पुढं करते. मी हातानं नको म्हणते आणि बोलणं संपेपर्यंत तिथंच उभी राहते.