पानावरचा अनोळखी सुळका

समजा, तुमच्यासमोर एक आलेख ठेवलाय. डावीकडून उजवीकडे धावणारी थरथरती रेघ, मध्येच वर उठणारी शिखरं. छपाईत एखादं शिखर हरवलं का, की नसलेलं उगवलं, हे तुम्ही मूळ आकड्यांशी ताडून बघायचं. दिवसाला असे चाळीस आलेख.

आमच्या नियतकालिकात हे काम भिंगमावशी एकवीस वर्षं करतायत. माझं टेबल त्यांच्या शेजारचं. इथे एकाच विषयावरचे निबंध छापतात. पदार्थावर लेसर टाकला की प्रकाश विखुरतो, आणि कोटीभर प्रकाशकणांतला एखादाच किंचित रंग बदलून परततो. त्या बदलावरून पदार्थ ओळखायचा. मावशींचं शिक्षण शाळेपुरतं. "माझं विज्ञान या भिंगाएवढं," म्हणतात.

रुजू झाल्या त्याच वर्षी त्यांनी एका रेघेवरचा बारीकसा उंचवटा धूळ समजून पुसला होता. अख्खा निबंध त्या उंचवट्यावरच उभा होता. पुढच्या अंकात चूकदुरुस्ती छापावी लागली. ते पान अजून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. तेव्हापासून खात्री पटल्याशिवाय त्या काहीही पुसत नाहीत.

परवा एका मुलीच्या पहिल्यावहिल्या निबंधात सुईसारखा ताठ सुळका निघाला. मजकुरात त्याचा उल्लेखच नव्हता. त्याच संध्याकाळी पाचला अंक छपाईला जायचा होता.

संपादक म्हणाले, "मावशी, पुसा आणि सोडा. कुणाचं लक्षही जाणार नाही."

"माझं गेलंय ना," म्हणत त्यांनी मुलीला फोन लावला.

ती काकुळतीला आली. "मॅडम, तो वैश्विक किरण आहे. अवकाशातून कण येतात, त्यांचा फटका कधीतरी नेमका डिटेक्टरला बसतो. आमच्याकडे नेहमीचंच आहे. काढून टाका ना. हा अंक चुकला तर माझी पदवी सहा महिने लांबेल."

"काढते. पण तो पाहुणा की घरचा, ते आधी कळू दे. पुन्हा मोज. पाहुणा असेल तर त्याच खुर्चीत परत येऊन बसायचा नाही."

साडेचारला नवा आलेख आला. मावशींनी भिंग धरलं. सगळी शिखरं जिथल्या तिथे, सुळका तेवढा गायब. नवा आलेख पानावर चढला आणि अंक वेळेत गेला.

जुना कागद मात्र मावशींनी टाकला नाही. काचेखाली, चूकदुरुस्तीच्या शेजारी सरकवला. चहा गार झाला तरी त्या तिथेच बघत होत्या.

"एवढं मोठं अवकाश पडलंय," त्या हळूच म्हणाल्या, "आणि आला कुठे, तर आपल्या पानावर."

मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस, तू सांग. हा तिकडून निघाला, तेव्हा इथे बघायला कुणी होतं का रे?"