फ्लेक्सबरहुकूम चेहरा

कोल्हापुरात माझ्या मामेसासऱ्यांना ओळखणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांचा चेहरा ओळखणारे त्याहून जास्त. पण या दोन गटांची एकमेकांशी गाठ कधी पडलेली नव्हती. पहिल्या गटाला ते उत्तरेश्वर पेठेतले पशुखाद्याचे दुकानदार म्हणून ठाऊक होते: वय चौसष्ट, डोळ्यांखाली पिशव्या, गळ्याला घडी, बाह्यांवर पेंडीची भुकटी. दुसऱ्या गटाला ते चौकातल्या फ्लेक्सवर दिसत: क्रीम रंगाचा शर्ट, कपाळावर सरकवलेला गॉगल, कानाला मोबाइल, आणि पलीकडून कुणीतरी नुकतीच आनंदाची बातमी दिल्यासारखं हसू. हा फोटो त्यांच्या एक्केचाळिसाव्या वर्षी काढलेला आहे. मोबाइल फोटोग्राफरचा होता आणि बंद होता.

पेठेत कुणाचाही वाढदिवस असो, शुभेच्छुकांच्या रांगेत हा चेहरा असतोच. मंडळाच्या अध्यक्षाचा वाढदिवस, अध्यक्षाच्या मुलाचा वाढदिवस, एकदा तर अध्यक्षाच्या बैलाचा. मामा डावीकडून तिसरे. दुसरे झाले तर गर्व वाटतो आणि चौथे झाले तर झोप लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी सकाळी ते स्कूटरवरून शहरभर फिरून स्वतःचे फ्लेक्स तपासत. डिकीत सुतळीचं बंडल असे. कुठे दोरी सैल झाली असेल, वाऱ्याने कोपरा दुमडून नेमका आपला कान झाकला गेला असेल, तर उतरून बांधत. वाढदिवस उलटून आठवडा झाला की तो फ्लेक्स उतरवून दुकानामागच्या गोठ्यावर घालत. त्यामुळे त्यांच्या दोन्ही म्हशी गेली कित्येक वर्षं आठ-दहा हसऱ्या मामांच्या छताखाली रवंथ करत आहेत.

चेहऱ्यांची त्यांना पारख होती, हे मान्य केलं पाहिजे. गारगोटीच्या बाजारात म्हैस घेताना इतर लोक कास बघत, मामा तोंड बघत. "म्हशीचं वय दातावरनं कळतंय, माणसाचं गळ्यावरनं," असं ते सांगत, आणि स्वतः बारमाही कॉलरचं वरचं बटण लावून फिरत. लग्नात फोटो काढायची वेळ आली की ते कुणाच्या तरी मागे उभे राहत. आधार कार्डावरचा फोटो बदलून घ्यायला ते तीनदा गेले आणि तिन्ही वेळा आधीपेक्षा म्हातारे होऊन परतले.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या वर्षी तालमीच्या मंडळाचा मोठा कार्यक्रम झाला. गेटवर वीस फुटी फ्लेक्स, त्यावर मामा, आणि खाली पास तपासायला एक नवा स्वयंसेवक. त्याने मामांना अडवलं. "पावणं, पास हाय का?" मामांनी बोट वर केलं. त्याने वर बघितलं, मामांकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं आणि अत्यंत आदराने विचारलं, "तुमी मामांचं वडील काय?"

मामा आत न जाता घरी आले. पुढचे आठ दिवस त्यांनी गिऱ्हाइकाशी वजनापलीकडे एक शब्द काढला नाही. नवव्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "माझ्याच फ्लेक्सखाली मला पास मागितला. उद्या दुकानातबी मागतील." चेहऱ्याचं काहीतरी केल्याशिवाय आता गत्यंतर नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी फोटो बदलायचा सुचवला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घर वाचवायला सरकारी नकाशाच बदलायला सांगत होतो.

मामींचा विरोध थोडक्यात होता. "पस्तीस वर्सं हे तोंड बघितलंय. आता नव्या माणसाबरोबर संसार मांडू व्हय?" यातली थट्टा वरवरची होती. मामांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि भुलीचा शब्द निघाला की त्या देवघरात जाऊन बसत.

राजारामपुरीतल्या प्लास्टिक सर्जन बाईंकडे आम्ही दोघं गेलो. मामांनी एका फ्लेक्सवरून स्वतःचा चेहरा कापून घेतला होता, चार फूट बाय चार फूट. तो त्यांनी तपासणीच्या टेबलावर पसरला आणि म्हणाले, "ह्याच्याबरहुकूम करायचं." डॉक्टर शांत होत्या. त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली. वरच्या पापणीची जादा कातडी काढता येईल, डोळ्यांखालच्या पिशव्या उतरवता येतील, कानापुढे चीर घेऊन गाल आणि गळा ताणून बसवता येईल. चाकू नको असेल तर कपाळाला इंजेक्शन आहे, पण त्याचा परिणाम चार-सहा महिनेच टिकतो. "म्हंजे गणपतीला केलं की शिमग्याला परत," मामा म्हणाले, आणि इंजेक्शन बाद झालं. वय विचारल्यावर त्यांनी बावन्न सांगितलं. मी दुरुस्ती केली.

मग डॉक्टरांनी दिवा खाली ओढून फ्लेक्स बारकाईने पाहिला. गळा करता येईल, डोळे करता येतील, पण ही हनुवटी तुमची नाही, असं त्या म्हणाल्या. मामांनी तिथूनच फ्लेक्सच्या डिझाइनरला फोन लावला. त्याने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. महापुरात त्याच्या कॉम्प्युटरमध्ये पाणी शिरलं, तेव्हा मामांच्या फोटोचा खालचा भाग गेला होता; ओठांखालचे मामा म्हणजे मंडळाचे उपाध्यक्ष होते. मामांनी स्वतःची हनुवटी दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिली. शेवटी, उपाध्यक्ष सोडून बाकीचं करा, असं त्यांनी सांगितलं. सोमवारचा दिवस ठरला. फाइलसाठी एक फोटो काढण्यात आला: पांढरी भिंत, चष्मा नाही, हसायचं नाही, नजर समोर. मामांनी तो आपल्या मोबाइलवर घेतला.

आदल्या दिवशी, रविवारी, मामींनी नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचा हट्ट धरला. निघता निघता मामांना वाटलं, ऑपरेशननंतर आपण कसे दिसू ते डिझाइनरकडून आधीच काढून घ्यावं. त्यांनी त्याला तो फोटो पाठवला. मामा मोबाइलवर लिहीत नाहीत. आधी फोटो पाठवतात आणि मग फोन करून सांगतात. पण फोन करायच्या आत मामींनी मोबाइल काढून घेतला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "देवाच्या दारात तरी कान मोकळा ऱ्हाऊ दे."

डिझाइनरने नंतर मला जे सांगितलं त्यात तर्काची चूक काढता येत नाही. त्याच्या वीस वर्षांच्या धंद्यात कुठल्याही जिवंत माणसाने त्याला पांढऱ्या भिंतीपुढचा, न हसणारा, सरळ बघणारा फोटो दिलेला नव्हता. असे फोटो घरचे लोक पाठवतात, आणि ते काही लिहिण्याच्या मनःस्थितीत नसतात. त्याने तीनदा फोन केला. कुणी उचलला नाही. त्याला रडू आलं. मग तो कामाला लागला आणि अकरा वाजता चौकात दहा फुटी फ्लेक्स उभा राहिला: भावपूर्ण श्रद्धांजली.

मरणाची बातमी घरच्यांना विचारल्याशिवाय द्यायची नाही, हा नियम मला वर्तमानपत्रातल्या नोकरीने शिकवला आहे. फ्लेक्सची खबर कानावर येताच मी मामींच्या मोबाइलवर फोन लावला. "हे? हे बासुंदीच्या रांगेत हायत," मामी म्हणाल्या. मामांची रक्तदाबाची गोळी आठवून फ्लेक्सचं मी त्यांना सांगितलं नाही. मी चौकात पोचलो आणि भेटेल त्याला खरी गोष्ट सांगत सुटलो. पण मी एक होतो आणि फ्लेक्स दहा फूट होता. तो उतरवायला शिडी यायची होती. लोक मात्र येत होते. चार वाजता मामांची गाडी कोपऱ्यावर थांबली तेव्हा खाली तीसेक माणसं उभी होती, पाठमोरी. मामा उतरले आणि गर्दीच्या मागे, माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी वाचलं. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

समोर दुधाचे कॅन घेतलेली एक बाई वर बघत होती. "फ्लेक्सवरचं मामा वारलं म्हणून आले, तर हे आमचं पेंडवालं हायत की," ती शेजारच्या पोराला म्हणाली. "काटा बरोबर आला की वर मूठभर टाकायचं. धा वर्सं. मामा ते हेच, हे आज कळतंय." तो पोरगा गेटवरचा स्वयंसेवक होता. महापुरात याच माणसाने आमच्या गल्लीतल्या म्हशी पोहत बाहेर काढल्या होत्या, तेव्हा नाव विचारायचं राहिलं, असं त्याने तिला सांगितलं. मग खाली बघून म्हणाला, "आणि मी त्यांस्नी पास मागितला."

माझ्या मनगटावरची पकड घट्ट झाली. बहुधा तेवढ्यात मामांनी नाक ओढलं असावं, कारण बाईने मागे वळून बघितलं. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. "तुमी जित्तं हाय की," ती जरा रागानेच म्हणाली.

"व्हय," मामा म्हणाले. "चुकलंच."

सोमवारी ऑपरेशन झालं नाही. कारण मामांनी एकाच वाक्यात सांगितलं: "आत्ता कुठं लोकांस्नी ओळख पटाय लागलीया, आता तोंड बदलून कसं चालंल?" श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्यांनी स्वतः शिडीवर चढून उतरवला, खालच्या दोन ओळी कापल्या आणि चेहरा गुंडाळून घरी नेला. तो मात्र गोठ्यावर गेला नाही. तो कपाटात आहे. एकदा मामी आत चहा करत असताना हळू आवाजात मला म्हणाले, "खरंच माझं बरंवाईट झालं की श्रद्धांजलीला नवा काढू नका. हाच बरा आलाय."

पेठेतल्या वाढदिवसांना हल्ली तोच पांढऱ्या भिंतीपुढचा फोटो असतो, डावीकडून तिसरा, स्वतःच्या हनुवटीसकट. 'हार्दिक शुभेच्छा' ही अक्षरं डिझाइनर आता दुप्पट मोठी छापतो. मामांच्या कॉलरचं वरचं बटणही आता उघडं असतं. माझा जायचा यायचा रस्ता त्याच चौकातून आहे. मी आधी वर बघतो, मग दुकानाकडे. अजून तरी दोघंही जागेवर असतात.